‘जेल शेवटी ठेवू’: अंदमानच्या सात दिवसांच्या आखणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी सहलींचे आराखडे करून देते. तिकिटं किंवा हॉटेलं विकत नाही. फक्त कोणत्या दिवशी कुठं जायचं, कुठं राहायचं, काय गाळायचं, एवढंच. हे प्रकरण नाशिककडच्या एका कुटुंबाचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, घटनाक्रम मात्र घडला तसाच आहे.

माणसं पाच. आजोबा ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आजी ६९, दोन्ही गुडघे दुखरे. मुलगी, जावई आणि ९ वर्षांची नात. सहल नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहा रात्री आणि सात दिवस. जावयांना रजा तेव्हाच मिळत होती आणि विमानाची तिकिटं मला फोन करण्याआधीच काढून झाली होती, त्यामुळे महिन्यावर चर्चा करायची सोय उरली नव्हती.

प्रत्येकाला अंदमान वेगळं हवं होतं. नातीला समुद्राखालचे मासे बघायचे होते आणि फोटोत पाहिलेला नील बेटावरचा खडकाचा पूल. जावयांना बाराटांगचा चिखलाचा ज्वालामुखी. मुलीला चार दिवस स्वयंपाकघराचं तोंड बघायचं नव्हतं. आजींचं म्हणणं एकच, ‘जिथं कमी चढावं लागेल तिथं’. आजोबा काहीच बोलले नाहीत. फार विचारलं तेव्हा म्हणाले, “जेल बघितलं की माझं झालं. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.” भगूरचा सावरकर वाडा त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन किती वेळा दाखवला असेल, त्याचा हिशेब त्यांनाही नव्हता. अंदमानला मात्र कधी जाणं झालं नव्हतं.

अडचण काय होती

एका एजंटानं त्यांना आराखडा दिला होता. पहिल्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरला उतरायचं, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनी-प्रकाश खेळ. दुसऱ्या दिवशी बाराटांग. मग दोन रात्री हॅवलॉक बेट, दोन रात्री नील. सातव्या दिवशी सकाळच्या बोटीनं नीलहून पोर्ट ब्लेअर आणि तिथून दुपारी दीडचं विमान.

कागदावर सगळं बसलेलं होतं, पण मला तीन ठिकाणी खटकलं.

सर्वांत मोठी खोट सातव्या दिवसात होती. बोट आणि विमान एकाच दिवशी, दोन्हींत जेमतेम चार तास. नोव्हेंबरात ईशान्य मोसमी वारे सुरू असतात आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होत राहतात. वादळ थेट अंदमानवर यावं लागत नाही, समुद्र खवळला की बोटी बंद होतात. डिसेंबर २०१६ मध्ये ‘वरदा’ वादळाच्या वेळी हॅवलॉक आणि नीलवर अडकलेल्या पर्यटकांना नौदलाच्या जहाजांनी बाहेर काढावं लागलं होतं. तिथं जाणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही, पण शेवटची रात्र बेटावर काढायची नाही, एवढं तरी यातून शिकावं.

दुसरं बाराटांग. पहिल्या ताफ्यात गाडी लावायची तर पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर थांबायचं, मग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यानं जायचं. पुढं तराफा, मग खारफुटीतून स्पीडबोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत चालत. आजींच्या गुडघ्यांना हे झेपणारं नव्हतंच. शिवाय, हे माझं मत आहे आणि मी ते आराखड्यात घुसडते, ज्या लोकांचे फोटो काढायलाही कायद्यानं बंदी आहे त्यांच्या घरातून गाड्यांची रांग नेऊन ‘दिसले का, दिसले का’ करत बसणं मला पटत नाही. जावई जरा हिरमुसले. नंतर म्हणाले, ठीक आहे.

तिसरी अडचण आपल्या घड्याळाची. अंदमान आपल्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. नोव्हेंबरअखेरीला सूर्य सव्वापाच-साडेपाचला उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आतच मावळतो. आपल्याकडे पाच म्हणजे चहाची वेळ. एजंटाच्या कागदावर ‘सायं. ५.३० – राधानगर किनारा, सूर्यास्त’ असं चक्क छापलेलं होतं.

नावांचा घोळ वेगळाच. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. तिकिटावर एक, हॉटेलच्या पावतीवर दुसरं, रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरं. मी मुलीला एका चिठ्ठीवर जोड्या लिहून दिल्या. लेखात मात्र बोलण्यातलीच नावं ठेवते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे एजंटाचाच आराखडा, फक्त बाराटांग काढून. जेल पहिल्या दिवशी होत होतं ही त्यातली चांगली बाजू. सातव्या दिवसाचा धोका मात्र तसाच.

दुसरा पर्याय मी सुचवला. उतरल्या उतरल्या दुपारच्या बोटीनं थेट हॅवलॉक. तिथं दोन रात्री, नीलला एक, आणि चौथ्या दिवसापासून तीन रात्री पोर्ट ब्लेअर. आधी बेटं, नंतर शहर. बोटींनी एखादा दिवस खाल्ला तर तो शहरातल्या दिवसांतून जाईल, विमान चुकणार नाही. मुक्काम तीनच, म्हणजे आजींना बॅगा कमी वेळा बांधायला लागतील. जेल पाचव्या दिवशी आणि त्याच संध्याकाळी ध्वनी-प्रकाश खेळ. सहावा दिवस राखीव, जमलं तर रॉस.

तिसरा पर्याय दोन्हींच्या मधला. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला आणि त्याच दुपारी जेल, मग हॅवलॉक दोन, नील एक, आणि शेवटच्या दोन रात्री पुन्हा पोर्ट ब्लेअर. मुक्काम चार होतात. शिवाय चेन्नईच्या विमानतळावर रात्र जागून आलेल्या ७४ वर्षांच्या माणसाला दुपारी उन्हात तुरुंगाचे जिने चढायला लावायचे. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, विंगेच्या पार टोकाला आहे.

आम्ही फोनवर तासभर बोललो. मुलगी म्हणाली, “ताई, बाबांसाठी जेल शेवटीच ठेवू या. दमलेले असताना घाईघाईत नको. निवांत बघू देत.” मलाही ते पटलं. सहलीला शेवटी काहीतरी मोठं असावं असं आराखडे करणाऱ्याला वाटतंच; तो आमच्या धंद्याचा मोह आहे. आजोबांना कोणी विचारलं नाही. मीही नाही.

ठरवलं काय

दुसरा पर्याय पक्का झाला. बाकीची आखणी समुद्र बघून केली.

भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकतात, म्हणून नीलची तारीख आधी ठरवली आणि त्यामागून हॅवलॉकची. नीलचा नैसर्गिक पूल लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर आहे. ओहोटी असेल तरच खडकांवरून तिथपर्यंत चालत जाता येतं. भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटीला मात्र पाणी भरलेलं लागतं. म्हणजे एकाच दिवशी सकाळी एक आणि दुपारी दुसरं. तिसऱ्या दिवशी ओहोटी साडेतीनच्या सुमारास येत होती, अंधार पडायच्या आत परतण्याइतका वेळ उरत होता. नील छोटं बेट आहे, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी गावांची नावं ऐकून आजी म्हणाल्या, “मग तर जायलाच हवं.”

आजींना बोट लागते, म्हणून जागा खालच्या डेकवर मधोमध; तिथं हेलकावे कमी बसतात. गोळी घरच्या डॉक्टरांना विचारून. सगळी तिकिटं आणि ओळखपत्रं कागदावर छापून, कारण २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेटवर्क खूप सुधारलं असलं तरी बेटांवर ते कधी दगा देईल सांगता येत नाही. किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळ उचलायचे नाहीत, विमानतळावर सामान तपासतात, हे नातीला मुद्दाम फोनवर सांगितलं.

इथं एक निर्णय माझ्या नजरेसमोरून गेला आणि मी त्याला हो म्हटलं. परतीचं विमान दुपारी दीडचं होतं. जावयांना सकाळी साडेनऊचं मिळत होतं, रात्री वेळेत घरी पोचता आलं असतं. त्यांनी विचारलं, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच आहे तर बदलू का? मी म्हटलं, बदला. हाताशी असलेली एक सकाळ आम्ही अशी सोडून दिली.

प्रत्यक्षात काय झालं

पहिले दोन दिवस उत्तम गेले. वीर सावरकर विमानतळावर आजोबांनी पाटीसमोर एकच फोटो काढून घेतला आणि विचारलं, “जेल इथून किती लांब?” टॅक्सी बोटीच्या धक्क्याकडे निघाली होती. दुसऱ्या दिवशी राधानगरला ही मंडळी साडेतीनलाच पोचली आणि सूर्य बुडताना ऐटीत बसून होती. त्यांच्यानंतर धावत आलेल्यांना किनारा दिसला, सूर्य नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मुलीचा फोन. हॉटेलवाला म्हणत होता, हवामान खात्यानं मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलंय, अंदमान समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे, दोन-तीन दिवस वारं राहील. आज बोटी सुरू आहेत. उद्याचं माहीत नाही. नीलला जाऊ की सरळ पोर्ट ब्लेअरला परतू?

संपूर्ण प्रकरणातला खरा फाटा हाच. मी नकाशा उघडला. नील हॅवलॉकपेक्षा पोर्ट ब्लेअरला थोडं जवळ. दोन राखीव दिवस हातात. मी म्हटलं, नीलला जा, जवळच सरकताय, उद्याची बोट चुकली तरी परवा निघाल. आजोबांना मुलीनं विचारलं तर ते म्हणाले, “पोरीला पूल बघायचाय. जाऊ या.”

अंतराचा माझा हिशेब मुळातच चुकीचा होता. बोटी बंद होतात तेव्हा सगळ्याच होतात. बंदर सुटायचं नसेल तर दोन तासांचं अंतर काय आणि एका तासाचं काय.

त्या दुपारी नातीनं पूल बघितला. खडकांमधल्या डबक्यात एक निळा तारामासा होता. ती तिथं उकिडवी बसली आणि अर्धा तास उठली नाही; वाटाड्यानं शेवटी ओहोटी संपतेय म्हणून हाताला धरून आणलं. आजी किनाऱ्यावर नारळाच्या सावलीत बसून राहिल्या. रात्री दोनच्या सुमारास पत्र्यावर पाऊस सुरू झाला.

चौथा दिवस, बोट नाही. पाचवा दिवस, बोट नाही. वीज जायची, यायची. खाजगी बोटीनं पैसे परत करतो म्हणून संदेश पाठवला, तो पाच तासांनी मिळाला. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलच्या दोन रात्री फुकट गेल्या, ते बुकिंग रद्द होणारं नव्हतं. नीलच्या हॉटेलवाल्यानं मात्र दर वाढवला नाही. पोर्ट ब्लेअरला ज्या दुपारी आजोबा जेलमध्ये असायचे, त्या दुपारी ते नीलच्या व्हरांड्यात खुर्ची भिंतीला टेकवून नातीला सांगत होते की तात्यारावांना, म्हणजे सावरकरांना, १९११ मध्ये इथं आणलं, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात होते, कोलूला जुंपून तेल काढून घ्यायचे. मुलीनं मला फोन केला तेव्हा मागं त्यांचा आवाज ऐकू येत होता. ती म्हणाली, “ताई, ते काही बोलत नाहीत हो. पण दर तासाला उठून आभाळ बघून येतात.”

सहाव्या दिवशी वारं पडलं. सकाळी जेट्टीवर गर्दी लोटली. सरकारी बोट येणार होती, पण जागा थोड्या आणि माणसं तिप्पट. दुसऱ्या दिवशी विमान असलेल्यांची वेगळी यादी करत होते. नेटवर्क नव्हतं, बरेच जण मोबाइल वर धरून उभे. जावयांनी पिशवीतून छापील तिकीट काढून टेबलावर ठेवलं. आपण सहज सांगितलेल्या गोष्टीचा कुणाला एवढा उपयोग झाला की बरं वाटतं, हे कबूल करते. त्या आठवड्यात माझ्या खात्यावर तेवढंच जमा होतं.

बोट पोर्ट ब्लेअरला लागली दुपारी तीनला. जेल पाचच्या आत बंद होतं. मुलगी आजींना घेऊन हॉटेलवर जाणार होती, पण आजी ऐकेनात, “एवढ्या लांब येऊन मी हॉटेलात बसू?” मग पाच माणसं आणि सगळं सामान दोन टॅक्सींत कोंबून थेट जेल. जेट्टीपासून ते दहा मिनिटांवर आहे. जावई एका टॅक्सीत बॅगांपाशी थांबले. त्यांचं जेल राहिलं ते राहिलंच.

आत जाईपर्यंत पावणेचार. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात विंगांपैकी तीन उरल्यात. आजी खाली बाकावर बसल्या. आजोबा, मुलगी आणि नात वर गेले. जिना अरुंद, कठडा पावसानं ओला. पहिल्या मजल्यावर ते थांबले, दुसऱ्यावर बराच वेळ थांबले. वरचा व्हरांडा लांबलचक, एकीकडे कोठड्यांची रांग. टोकाला पोचल्यावर त्यांनी कोठडीबाहेर चपला काढल्या, आत गेले आणि भिंतीवर हात ठेवला. नात दारात उभी राहून मागच्या भिंतीतला उंचावरचा झरोका बघत होती. मुलगी सांगत होती की बाबा दहा मिनिटं तसेच उभे होते आणि तिला सारखी घड्याळाकडे नजर जात होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती. मग खालून पहारेकऱ्याची शिटी वाजली.

फाशीघर राहिलं, संग्रहालय राहिलं. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश खेळ पावसामुळे झाला नाही. सकाळी साडेनऊचं विमान वेळेवर सुटलं. विमानतळावर तपासणीत नातीच्या सॅकमधून काहीच निघालं नाही. नीलला जमवलेले दोन शंख तिनं जेट्टीवरच पाण्यात टाकले होते.

पुन्हा आखायचं झालं तर

कुटुंब नाराज नव्हतं. मी होते. विमान चुकलं नाही, म्हणजे शेवटी ठेवलेले राखीव दिवस कामाला आले; तो भाग बरोबर होता आणि मी तो बदलणार नाही. पण त्या राखीव दिवसांतच मी आजोबांचं जेलही टाकलं होतं. जे दिवस समुद्रानं खाल्ले तरी चालतील असं म्हणून बाजूला काढले, त्यांतच न खाल्लं जावं असं एकमेव काम ठेवलं. फोनवर तासभर बोलताना हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तिसरा पर्याय योग्य होता. मुक्काम एक वाढला असता, आजोबा दमलेले असते, जिना चढायला वेळ लागला असता. पण तो अडथळा आधीपासून दिसत होता, म्हणून त्याच्यावर उपायही होता. दुपारी दोन तास झोप काढून तीनला गेले असते तरी सहाव्या दिवशी मिळाला त्यापेक्षा जास्त वेळ मिळाला असता. समुद्राच्या अडथळ्यावर कुणाचाच उपाय चालत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या फोनवर मी परत फिरा म्हणायला हवं होतं का? इथं माझं मन अजून दोन्हीकडे जातं. परत फिरले असते तर जेल निवांत झालं असतं, तारामासा राहिला असता. दोन्हींत काय मोठं हे मी ठरवू शकत नाही. पण तो प्रश्न मी आजोबांना वेगळ्या शब्दांत विचारायला हवा होता. ‘नीलला जायचं का’ असं विचारलं की आजोबा नातीसाठी हो म्हणणारच. ‘नीलला गेलात तर जेल कदाचित राहील, चालेल का’ असं मी स्वतः त्यांना फोनवर घेऊन विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं, कोण जाणे.

परतीचं सकाळचं विमान ही साफ चूक. बेटांच्या सहलीत शेवटच्या दिवशी जितकं उशिराचं विमान मिळेल तितकं बरं. हॉटेलचं बुकिंग थोडं महाग पडलं तरी रद्द करता येईल असंच घ्यावं, निदान बोटीनंतरच्या मुक्कामाचं. प्रवास विमा त्यांनी काढला नव्हता, आणि मीही आग्रह धरला नव्हता.

महिन्याबद्दलही बोलायला हवं. तिकिटं निघालेली असली तरी नोव्हेंबरचा धोका मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवा होता. फेब्रुवारीत समुद्र बराच शांत असतो. शाळेच्या परीक्षा तोंडावर असतात ही पालकांची अडचण खरी आहे, पण ती मांडून मग निवड व्हावी.

या हिवाळ्यात आणखी एका घराचा आराखडा केला, त्यातही ७० वर्षांच्या पुढचे एक काका आहेत. तारीख फेब्रुवारीची. पहिल्या दिवसासमोर मी एवढंच लिहिलंय: सामान हॉटेलवर, जेवण, झोप, तीन वाजता जेल. काकांना फोन करून वाचूनही दाखवलं. ते म्हणाले, “झोप कशाला? आधी जेल.”